ब्रेकचे पॅड घरी बदलावेत का?

मोटारीतील बहुतेक भाग झिजू नयेत म्हणून अभियंते सतत झटत असतात. बेअरिंगला ग्रीस, इंजिनाला तेल, पत्र्याला रंग, ही सारी धडपड झीज टाळण्यासाठीच असते. परंतु एक भाग असा आहे, की तो झिजावा म्हणूनच बनविलेला असतो. तो म्हणजे ब्रेकचा पॅड. पोलादी पट्टीवर घट्ट बसविलेला, तळहातात मावेल एवढा हा तुकडा गाडी थांबविताना प्रत्येक वेळी स्वतःचा थोडासा अंश गमावतो. तो झिजतो म्हणूनच चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, म्हणजे डिस्क, टिकते आणि गाडीतील माणसे सुखरूप घरी पोचतात.

असा झिजलेला पॅड घरच्या घरी बदलावा की नाही, याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणजे, ‘चार नट आणि दोन बोल्ट, त्यात आहे काय?’ दुसरे म्हणजे, ‘ब्रेक म्हणजे जिवाशी गाठ, आपण हातच लावू नये.’ मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात. माझे मत असे आहे, की पॅड वेळोवेळी तपासणे हे गाडी असणाऱ्या प्रत्येक घराचे कर्तव्य आहे. पॅड बदलण्याचे काम घरातील मोठ्या माणसाने घरी जरूर करावे; मात्र प्रत्येक कृतीचे कारण त्याला सांगता आले पाहिजे. आणि तुम्ही त्या वेळी हातात बॅटरी धरून शेजारी उभे राहावे व ‘असे का?’ हा प्रश्न विचारीत राहावे. यात चार पैसे वाचतील, पण तो मुद्दा गौण आहे. खरा लाभ कोणता, ते पुढे येईलच.

प्रथम ब्रेक काय करतो ते पाहू. ‘ब्रेक गाडी थांबवितो’ हे उत्तर रस्त्यावरच्या माणसाचे झाले. विज्ञानाच्या विद्यार्थ्याचे उत्तर असे, की ब्रेक गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. समजा, माणसांसह १,००० किलोग्रॅम वस्तुमानाची एक लहान मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे तिचा वेग सेकंदाला सुमारे १६.७ मीटर झाला. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मे करा. उत्तर येईल सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल. एवढ्या उष्णतेने २५ अंश तापमानाचे जवळजवळ ४४० ग्रॅम पाणी उकळीला येईल. म्हणजे गाडी एकदा थांबली, की तीन-चार कप चहाचे आधण होईल एवढी उष्णता निर्माण होते! आणि ही गाडी चार सेकंदांत थांबली, तर त्या अवधीत ब्रेकची सरासरी शक्ती सुमारे ३५ किलोवॅट, म्हणजे ४६-४७ अश्वशक्ती झाली. लहान मोटारीचे इंजिन साधारण याच मापाचे काम करते. इंजिनाचे कौतुक सर्वांना असते. तेवढ्याच ताकदीचे काम करणारा पॅड मात्र चाकाआड दडून राहतो.

वेग वाढला की काय होते तेही ध्यानात घ्या. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग झाला, तर वेग एक-तृतीयांशाने वाढला. पण ऊर्जा पावणेदोन पटींहूनही थोडी अधिक झाली, कारण तेथे वेगाचा वर्ग आहे.

घर्षणाने उष्णता निर्माण होते ही गोष्ट काउंट रम्फर्डने म्युनिच येथे तोफांना छिद्रे पाडण्याचे काम पाहताना हेरली आणि १७९८ साली मांडली. पुढे १८४० नंतरच्या काही वर्षांत ज्यूलने कार्य आणि उष्णता यांचे नेमके गुणोत्तर मोजले. रस्त्यावरची प्रत्येक मोटार सिग्नलपाशी थांबताना हाच प्रयोग करीत असते.

आता घाटाकडे वळू. बोरघाटातून खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. आपल्या १,००० किलोग्रॅमच्या गाडीची स्थितिज ऊर्जा तेवढ्या उतारात ४९ लाख ज्यूलने कमी होते. ताशी ६० किलोमीटर वेगातून ३५ वेळा पूर्ण थांबण्याएवढी ही ऊर्जा आहे. सारा भार ब्रेकवर टाकला, तर डिस्क आणि पॅड तापत जातात, पॅडचे घर्षण कमी पडू लागते आणि पाय दाबूनही गाडी हवी तशी आवरत नाही. म्हणून जाणता चालक उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो आणि ऊर्जेचा मोठा वाटा इंजिनावर सोपवितो. पॅड आधीच झिजून पातळ झाला असेल, तर त्यामागील पिस्टनला आणि ब्रेक ऑइलला उष्णता अधिक सहज पोचते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी मात्र ही मर्यादा १४० अंशांवर येते. नळीत ऑइल उकळून वाफ झाली, की वाफ दाबली जाते, पण दाब पुढे पोचत नाही. झिजलेला पॅड ही अशी साखळीची पहिली कडी असते.

पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो तो पास्कलच्या नियमाने. पास्कलचे द्रवांवरील लिखाण त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाले. तुम्ही ते एका ओळीत पाठ करता. आपण उदाहरण घेऊ. पेडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरचा व्यास २० मिलिमीटर आणि चाकापाशी असलेल्या पिस्टनचा ५० मिलिमीटर आहे असे धरा. क्षेत्रफळांचे गुणोत्तर सव्वासहा येते. पायाने २०० न्यूटन बल लावले आणि पेडलच्या तरफेने ते चौपट झाले, तर मुख्य सिलिंडरवर ८०० न्यूटन आणि चाकाच्या पिस्टनवर ५,००० न्यूटन बल मिळते. म्हणजे सुमारे ५०० किलोग्रॅमचे वजन पॅडवर ठेवल्यासारखे झाले. हा पिस्टन ज्या पकडीत बसविलेला असतो तिला कॅलिपर म्हणतात. प्रयोगशाळेतील व्हर्निअर कॅलिपर तुम्हांला परिचित आहे. दोन्ही उपकरणे वस्तूला दोन बाजूंनी धरतात, म्हणून नावही एकच.

इतके समजले, की तपासणी अवघड उरत नाही. बऱ्याच गाड्यांत चाकाच्या फटीतून बॅटरीच्या उजेडात बाहेरचा पॅड दिसतो. नव्या पॅडवर घर्षण-थर साधारण १० मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला, की बदलण्याची वेळ झाली असे समजावे. नेमका आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावा. आतल्या बाजूचा पॅड मात्र सहजी दिसत नाही, आणि कॅलिपर ज्या दांड्यांवर सरकतो त्या गंजल्या असतील, तर बरेचदा तोच आधी संपतो. म्हणून बाहेरचा पाहून निश्चिंत होऊ नये. काही पॅडना पोलादाची एक लहान पट्टी असते. थर पातळ होताच ती डिस्कला घासून कर्कश आवाज करते. तो आवाज म्हणजे पॅडची हाक असते. रेडिओचा आवाज वाढवून ती बुडवू नये.

आणखी एक खूण आहे, ती मला सर्वांत सुंदर वाटते. ब्रेक ऑइलच्या डबीवर कमाल आणि किमान अशा दोन रेषा असतात. पॅड झिजत जातो तसा पिस्टन थोडा थोडा बाहेर येऊन राहतो आणि त्यामागील वाढलेली जागा ऑइल भरून काढते. परिणामी डबीतील पातळी हळूहळू खाली येते. म्हणजे चाक न खोलताही पॅडच्या झिजेची वार्ता बॉनेटखाली मिळते! पातळी उतरली म्हणून मुकाट्याने भर घालणारा माणूस आणि ‘ऑइल गेले कुठे?’ असे विचारणारा माणूस यांच्यात मोठे अंतर आहे. ऑइल पिस्टनमागे गेले असेल तर पॅड पाहायला हवा. गळून गेले असेल तर गाडी जागेवरच ठेवून मेकॅनिकला बोलवायला हवे.

आता प्रत्यक्ष काम. लहान मोटारींत बहुधा पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात, कारण थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो. तेच उदाहरण घेऊ. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट थोडे सैल करावयाचे ते चाक जमिनीवर असतानाच, कारण तेव्हा जमिनीचे घर्षण चाकाला धरून ठेवते. वर उचललेले चाक पान्याबरोबर फिरत राहील. मग जॅकने गाडी उचलावी आणि लगेच तिच्याखाली पक्का स्टँड द्यावा. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली अंगाचा कोणताही भाग जाता कामा नये. या एका नियमाला अपवाद नाही.

चाक काढल्यावर कॅलिपरचा बोल्ट सोडवून तो वर उचलता येतो. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. जुने पॅड काढून त्यांची जाडी मोजून ठेवावी. तेथे काळी धूळ साचलेली असते. ती तोंडाने किंवा पंपाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. अनेक दशके पॅडमध्ये अॅसबेस्टॉस वापरले जात असे, आणि त्याचे तंतू फुप्फुसांत गेल्यास वर्षांनंतर गंभीर रोग होतात. पॅडकडे नुसते पाहून त्यात काय आहे ते कळत नाही. तेव्हा सर्वच धूळ घातक मानावी. नवे पॅड जाड असल्याने पिस्टन सावकाश मागे ढकलावा लागतो. त्या वेळी डबीतील ऑइल वर चढते. मधल्या काळात कुणी भर घातली असेल, तर ते सांडते आणि गाडीचा रंग खराब करते. नव्या पॅडच्या तोंडाला तेल, ग्रीस, एवढेच नव्हे तर तेलकट बोटही लागू नये. घर्षण हाच ज्याचा धर्म, त्याला वंगण लावून कसे चालेल? आणि पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. एक बाजू अधिक जोराने धरू लागली, तर गाडी ब्रेक लावताच त्या बाजूला ओढली जाते.

सारे पूर्ववत बसविले, नट समोरासमोर क्रमाने आवळले, गाडी खाली घेतली आणि नट पुन्हा पक्के केले. काम झाले असे वाटते. नेमक्या याच क्षणी सर्वांत मोठा धोका असतो! पिस्टन मागे ढकललेला असल्याने पॅड आणि डिस्क यांच्यात अंतर पडलेले असते. या स्थितीत गाडी सुरू करून फाटकापर्यंत नेली आणि ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला जाईल आणि गाडी थांबणार नाही.

असे का? पास्कलचा नियम उलट बाजूने वाचा. बल सव्वासहा पट मिळते, याचा अर्थ अंतर सव्वासहा पटींनी मोजावे लागते. पिस्टन ८ मिलिमीटर पुढे यावयाचा असेल, तर मुख्य सिलिंडरचा दट्ट्या ५० मिलिमीटर सरकला पाहिजे, आणि दोन चाकांसाठी त्याच्या दुप्पट. पेडलच्या एका दाबात एवढे अंतर मिळत नाही. म्हणून गाडी जागेवर असतानाच पेडल पुन्हा पुन्हा दाबावे, आणि ते वर व कडक लागू लागेपर्यंत गाडी हलवू नये. मेकॅनिक याला ‘ब्रेक पंप करणे’ म्हणतात. पंप केल्यावरही पेडल मऊच लागत असेल, तर नळीत हवा शिरली असावी. मग गाडी हलवूच नये. पेडल कडक लागले, तर डबीतील पातळी पाहून गाडी सावकाश चालवावी. पहिले काही किलोमीटर बेताच्या वेगात, हलके ब्रेक लावीत जावे, म्हणजे नवा पॅड आणि डिस्क एकमेकांशी जुळतात.

मित्रहो, माझा मुद्दा या पंप करण्यातच आहे. अकरावीच्या वर्गात द्रवदाबाचे उदाहरण देताच अचूक उत्तर काढणारे विद्यार्थी मी वर्षानुवर्षे पाहतो. परंतु ‘बल वाढले, मग अंतराचे काय?’ असे विचारले, की बरेच जण गप्प होतात. दुसरीकडे, गॅरेजमधील तुमच्याच वयाचा मुलगा न चुकता ब्रेक पंप करतो, पण त्याला पास्कलचे नाव कुणी सांगितलेले नसते. एकाला सूत्र येते, दुसऱ्याला काम येते. आणि दोघेही अर्धेच शिकलेले राहतात. यात त्या दोघांचा दोष नाही. डोक्याचे काम मोठे आणि हाताचे हलके, ही समजूत आपण शाळेत आणि घरात जपली, तिचे हे फळ आहे.

‘पण ब्रेकवर जीव अवलंबून असतो, हे काम रोज करणाऱ्यानेच करावे,’ हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मर्यादाही स्पष्ट सांगतो. ऑइल गळत असेल, डिस्कला तडा किंवा खोल चरे असतील, पिस्टन मागे जात नसेल, किंवा मागच्या चाकांना विजेवर चालणारा हँडब्रेक असेल, तर काम तेथेच थांबवून कारखान्यात सोपवावे. पहिल्यांदा करणाऱ्याने जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय हात घालू नये. तुम्ही स्वतः, वय लहान असताना, हे काम एकट्याने मुळीच करू नये. मात्र काम मेकॅनिकने केले म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. ज्याला काम समजले आहे, तो जुने पॅड दाखवा म्हणून सांगतो, आतला आणि बाहेरचा सारखे झिजले का ते पाहतो, निघण्यापूर्वी पेडल दाबून बघतो. असा ग्राहक चांगल्या मेकॅनिकला ओझे वाटत नाही. आपल्या कौशल्याची किंमत जाणणारा माणूस भेटल्याचा त्याला आनंदच होतो.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. घरी मोटार नसणारे विद्यार्थी वर्गात पुष्कळ असतील. पण सायकल तर शाळेच्या आवारातच असते. ती स्टँडवर उभी करून मागचे चाक पेडलने सेकंदाला एक फेरी या गतीने फिरवा, पेडल सोडा आणि ब्रेकची मूठ ताणकाट्याने ठराविक बलाने ओढा. चाक किती फेऱ्यांत थांबते ते मोजा. मग रबर ओले करून तेच पुन्हा करा. बोटे आरे आणि साखळी यांच्यापासून दूर ठेवावीत, एवढी काळजी घ्या. लाकडी ठोकळा आणि पारडे यांनी जे घर्षण परीक्षेपुरते कळते, ते येथे कायमचे कळेल. सायकलच्या ब्रेकचे झिजलेले रबर बदलण्याचे काम तर विद्यार्थ्यांनी स्वतःच करावे आणि ते प्रयोगवहीत लिहावे.

ज्यांच्या घरी मोटार किंवा डिस्क ब्रेकची स्कूटर आहे, त्यांनी झिजेचा आलेख काढावा. समजा, नवा पॅड १० मिलिमीटरचा होता. १०,००० किलोमीटरनंतर तो ८.२ आणि २०,००० नंतर ६.५ मिलिमीटर भरला. तीन बिंदू मांडून सरळ रेषा पुढे वाढवा. ४०,००० किलोमीटरच्या सुमारास ती ३ मिलिमीटरला पोचेल. मग घरच्यांना सांगा, ‘अमुक महिन्यात पॅड बदलावे लागतील.’ तुमचे भाकीत खरे ठरले तर आनंद आहेच. चुकले, तर अधिक चांगले, कारण मग कारण शोधावे लागेल. घाटातला प्रवास वाढला? शहरातली गर्दी? की एका बाजूची दांडी अडकली? विजेवर चालणाऱ्या मोटारीत गतीचा बराच भाग पुन्हा विजेच्या रूपाने बॅटरीत साठविला जातो, म्हणून तिचे पॅड हळू झिजतात. तिचा आलेख शेजारी काढून पाहा. मात्र कमी वापरलेल्या डिस्कवर गंज चढू शकतो, तेव्हा तपासणी तिलाही चुकत नाही.

तर मग, येत्या रविवारी एवढे करा. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी दोन रेषांच्या मध्ये कोठे आहे ते पाहा आणि तारखेसह वहीत लिहा. मोटार नसेल, तर सायकलच्या ब्रेकचे रबर पट्टीने मोजा. पहिली नोंद झाली, की दुसरी केव्हा करावयाची हे तुमचे तुम्हांलाच सुचेल.